कपाटातलं अर्धवट काम आणि रविवारची सहल: दोन्ही जमवायची कशी

कपाटाच्या वरच्या खणात एका पिशवीत स्वेटर असतो. पाठ पूर्ण, पुढचा भाग निम्मा. ज्या बाळासाठी विणायला घेतला होता ते आता बालवाडीत जायला लागलं. त्याच खणात भरतकामाच्या रिंगेत अडकलेला टेबलक्लॉथ, खाली गोधडीसाठी बाजूला काढलेल्या सुती साड्या, आणि क्रोशाच्या तोरणाची हातभर पट्टी. सोलापुरात घरोघरी हेच दिसतं. आपण म्हणतो, वेळ मिळत नाही. वेळ कमी असतो हे खरंच आहे. पण मिळालेल्या अर्ध्या तासाचं काय होतं तेही बघा. पिशवी उघडली की सुई कितवी होती, कुठवर आलो होतो, नमुन्याचा कागद कुठे गेला, हे शोधण्यात पहिली वीस मिनिटं जातात. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि पिशवी परत खणात जाते.

म्हणून ही शोधाशोध घरी एकदाच उरकायची. प्रत्येक काम असं तयार ठेवायचं की बाहेर पडताना नुसतं उचललं आणि पुढचा टाका घातला. मग किल्ल्याच्या बागेत मुलं खेळत असताना, पुण्याच्या गाडीत, किंवा शेतावर हुरडा खाऊन झाल्यावर झाडाखाली बसल्या बसल्या ती कामं पुढे सरकतात. सहल आणि अर्धवट काम यांचा मेळ बसतो तो असा. तो कसा बसवायचा ते क्रमाने सांगते.

पायरी 1: सगळं एकदा उजेडात आणा

मुलं शाळेत असतील अशी एक दुपार धरा. जुनी सोलापुरी चादर जमिनीवर अंथरा आणि घरातलं अर्धवट असलेलं सगळं तिच्यावर मांडा. माळ्यावरचं, दिवाणाच्या पेटीतलं, शिलाई मशीनच्या खणातलं आणि मुलांचं निम्मं चिकटवलेलं स्क्रॅपबुकसुद्धा. एकाच जागी दिसल्याशिवाय किती आहे याचा अंदाज येत नाही.

लोकर हातात घेऊन उजेडाकडे धरून बघा. शुद्ध लोकरीला कसर लागते, म्हणून बारीक भोकं किंवा तुटके धागे दिसले की ती पिशवी लगेच वेगळी करा आणि लोकरीला दोन-तीन तास कडक ऊन दाखवा. सोलापुरात उन्हाची वानवा नाही. ॲक्रिलिकला ही भीती नसते. भरतकामाचं कापड मात्र थेट उन्हात टाकू नका, रेशमी आणि गडद रंगांचे धागे विटतात. त्याला सावलीतला वारा पुरे. रिंगेत अडकलेलं कापड असेल तर रिंग आधी काढा. महिनोन् महिने राहिली की तिचा गोल वळ उठतो आणि त्या वळात धूळ बसते. तो धुतल्यावरही पुरता जात नाही.

मग एकेक काम उचलून स्वतःला विचारा: हे कुणासाठी होतं, किती राहिलंय, आणि मला ते अजून करावंसं वाटतं का? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला बायका कचरतात, कारण दोऱ्याला पैसे पडलेले असतात. पण मनातून उतरलेलं काम खणात जागा अडवतं आणि जे आवडतं तेही हातात घेऊ देत नाही. माझ्या मते अशा कामांपैकी जे उसवता येतं ते उसवावं, आणि उसवता येत नाही ते ज्या बाईला करायची हौस आहे तिला देऊन टाकावं. रुखवताची तयारी चाललेलं एखादं घर नात्यात किंवा शेजारी असतंच. अर्धं झालेलं मोत्यांचं तोरण किंवा ताटावरचे क्रोशाचे रुमाल तिथे आनंदाने घेतले जातात.

बाळाचा स्वेटर लहान झाला असेल तर घाईने उसवू नका. भावकीत, माहेरी कुणाला दिवस गेले असतील तर तोच पुरा करून बाळंतविड्यात ठेवता येतो. टोपडं आणि मोजे त्याच लोकरीतून निघाले तर अख्खा संच होतो.

पायरी 2: उसवायचं ते नीट उसवा

उसवलेली लोकर वाकडी-तिकडी राहते आणि तिची वीण खडबडीत येते, म्हणून बायका ती फेकून देतात. तिला सरळ करता येतं.

आधी शिवणी उसवा. शिवणीचा दोरा कापायचा, विणीचा धागा नाही, म्हणून कात्री लावण्यापूर्वी दोन्ही भाग हाताने थोडे ताणून मधला दोरा ओळखा. मग जिथे टाके बंद केले आहेत त्या टोकाकडून धागा ओढायला घ्या, सुरुवातीकडून ओढला तर गुंता होतो. ओढलेला धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जा. ओढायला मुलाला बसवा, तुम्ही गुंडाळा. या कामात मुलं फार रमतात. सगळं उसवून झालं की त्या लडीला चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, म्हणजे पाण्यात गुंता होणार नाही.

कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून लड अर्धा तास बुडवून ठेवा. चोळायची नाही, पिळायचीही नाही. साध्या पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत हँगरला टांगा. खालच्या टोकाला ओला नॅपकिन अडकवला की तेवढ्या वजनाने धागा सरळ होतो. शुद्ध लोकर अगदी नव्यासारखी होते, ॲक्रिलिकचे वळसे थोडे राहतात, पण विणल्यावर जाणवत नाहीत. वाळल्यावर गुंडा सैल बांधायचा. धागा चार बोटांवरून घेत गुंडाळला तर ताण पडत नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कागदावर ग्रॅम लिहून गुंड्यात खोचा. वर्षाच्या बाळाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण 150 ग्रॅम लोकर लागते, त्यावरून काय बसेल ते कळतं.

लोकर कमी पडली आणि दुकानातून त्याच रंगाची आणली, तरी लॉट नंबर, म्हणजे रंगवलेल्या खेपेचा नंबर, वेगळा असला की छटेत फरक येतो. अशा वेळी जोड एकदम लावू नका. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं बोट-दोन बोटं विणून मग नवी लोकर एकटी चालवा. जोड डोळ्यांना दिसत नाही.

पायरी 3: प्रत्येक कामाला चिठ्ठी

सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा होतो, म्हणून इथे घाई करू नका. जाड कागदाची बोटभर चिठ्ठी, तिला भोक पाडून दोरा, आणि ती थेट कामाला बांधलेली. पिशवीत टाकलेली चिठ्ठी हरवते. स्वेटरची चिठ्ठी अशी असते:

"पाठ. सुया 10 नंबर. 72 टाके. पट्टी 2 सुलट 2 उलट, 14 ओळी झाल्या. मग साधी वीण. बगलेपर्यंत 16 सेंमी हवी, 11 झाली. पुढची ओळ उलट."

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. काम थांबवताना पुढची कृती लिहिली असेल तर सहा महिन्यांनीसुद्धा हात लगेच चालू होतो. भरतकामाच्या चिठ्ठीवर धाग्याचे नंबर आणि किती पदर घेतले ते लिहा. धागा सहा पदरी असतो, पण आपण कधी दोन घेतो, कधी तीन, आणि नंतर आठवत नाही. एकाच फुलाच्या पाकळ्या जाड-बारीक दिसतात त्या यामुळेच. गोधडीच्या चिठ्ठीवर दोन ओळींतलं अंतर लिहा आणि कुठल्या कडेने आत जात आहात तेही.

चिठ्ठी लिहितानाच किती वेळ लागणार याचा हिशेब करा. घड्याळ लावून एक ओळ विणा. समजा 72 टाक्यांच्या ओळीला चार मिनिटं लागली. नेहमीच्या लोकरीत 5 सेंमीला साधारण 18 ओळी बसतात, म्हणजे सव्वा तासात बगल येते. वर्षभर डोक्यावर बसलेलं काम सव्वा तासाचं निघालं की त्याची भीती जाते.

जे काम तीन तासांच्या आत संपणारं आहे ते सर्वांत वर ठेवा. आधी ते. एक वस्तू पूर्ण होऊन घरात दिसायला लागली की बाकीच्यांना हात घालावासा वाटतो.

पायरी 4: पिशवी बांधून ठेवा

दर वेळी सामान गोळा करू नका. एक कायमची पिशवी असू द्या. जुन्या सोलापुरी चादरीची शिवली तर उत्तम, कापड जाड असतं आणि सुया बाहेर टोचत नाहीत. या चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याकडे तिचं खरं आयुष्य विरल्यानंतर सुरू होतं: इस्त्रीखाली, सहलीत अंथरायला, आणि शेवटी अशा पिशव्यांना.

पिशवीत बोथट टोकाची छोटी कात्री, मोजपट्टी, जाड नाकाची सुई, टाके उचलायला क्रोशाची सुई, सेफ्टी पिना, पेन आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. सुयांना झाकणाची डबी हवीच. डबीच्या झाकणावर किती सुया आहेत तो आकडा लिहा. बाहेर चादर झटकण्यापूर्वी सुया मोजायच्या, आकडा जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही. अनवाणी मुलं असतात तिथे ही शिस्त लागतेच. लोहचुंबकाचा तुकडा जवळ असला तर गवतात पडलेली सुई सापडते.

विणकाम प्रवासाला निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. सुयांच्या टोकांवर खोडरबराचे तुकडे खोचा म्हणजे टाके गळत नाहीत. आणि दुसऱ्या रंगाचा सुती दोरा जाड सुईने सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून ओवून तसाच सोडा. पुढे काही बिघडलं, मुलाने सुई ओढली, तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं, त्याखालचं काम शाबूत राहतं.

पायरी 5: सहल बघून काम निवडा

कुठे जायचं त्यावर हातात काय घ्यायचं ते ठरतं, आणि कधी कधी काहीच घ्यायचं नाही हेही ठरतं.

*संध्याकाळचं जवळचं फिरणं.* सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला आणि त्याला लागून असलेली हुतात्मा बाग, किंवा विजापूर रोडचा कंबर तलाव. मुलं तास-दीड तास पळतात, आपण बाकावर. इथे क्रोशा घ्यावा. क्रोशात एकच टाका सुईवर असतो, मूल पडलं, रडलं, की आहे तिथे टाकून उठता येतं. तोरणाची पट्टी, रुमालाची कड, साखळ्या आणि खांब (क्रोशाचे टाके) मोजायला सोपे असे नमुनेच घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घरातून निघायलाच साडेपाच-सहा होतात. तेव्हा लोकर हाताला चिकटते, सुती दोराच बरा. घामाच्या हाताने पांढरा दोरा काळपट होतो, म्हणून ओला नॅपकिन जवळ असू द्या.

*रेल्वेचा प्रवास.* सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना चार तासांच्या आसपास हात मोकळे असतात. ही गाडी आपल्या चार हुतात्म्यांच्या नावाची आहे हे मुलांना जाता जाता सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, 12 जानेवारी 1931 रोजी फासावर गेले. कुर्डुवाडी येईपर्यंत मुलं खिडकीत रमतात, नंतर झोपतात, आणि विणकामाला यापेक्षा चांगली जागा नाही. साध्या विणीचे मोठे भाग, पाठ, बाह्या, गाडीत घ्या. बगलेच्या किंवा गळ्याच्या टाक्यांची कमी-जास्ती घरी ठेवा. मोजणी असलेलं काम शेजारच्या गप्पांत चुकतंच.

एसटीत किंवा चारचाकीत मात्र खाली बघून भरतकाम करू नका. हलत्या गाडीत नजर एका ठिकाणी ठेवली की मळमळ होते, आणि खड्ड्यात सुई बोटात जाते. न बघता विणता येत असेल तरच सुया काढा.

*देवदर्शन.* तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. पंढरपूर थोडं लांब पडतं, बाकी दोन्हीकडे तासाभरात पोचतो. रांगेत काम काढू नका. गर्दीत सुई नको, आणि तपासणीला कात्री अडते. काम गाडीत ठेवा. सासूबाईंना दर्शन लवकर होऊन त्या सावलीत बसल्या असतील आणि बाकीचे प्रसादाला गेले असतील, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून लोकरीचे गुंडे बांधणं, बटणं लावणं असलं हलकं काम होतं. त्यांना टाके येत असतील तर त्यांच्याच हाती द्या. ज्या घरात सासूबाईंच्या हातचा धावदोरा एकसारखा पडतो तिथे गोधडीची कड त्यांच्याकडूनच घालून घ्यावी.

*हुरडा.* डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी शेतावर बोलावणं असतंच. आगटी पेटलेली असते, कणसं भाजली जातात, हात काळे, शेंगाचटणी आणि दह्याने बरबटलेले. त्या वेळी सुईचं नावही काढू नका, हुरडा गरम असतानाच खायचा. पण जेवणं झाली, ऊन कलायला लागलं, पुरुष मंडळी विहीर बघायला गेली, की झाडाखाली बायका बसतात. ती दुपार गोधडीची. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, अक्कलकोटकडे कौदी म्हणा, ती एकटीने शिवली तर वर्ष घेते आणि चौघींनी चार कडांना बसून शिवली तर आकार घेते.

त्यासाठी घरून तयारी लागते. खालची साडी, मधले थर आणि वरची साडी एकावर एक पसरून चारही बाजूंनी ताणा आणि वीत-वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा. कोपऱ्यांपासून सुरुवात करू नका, मधून बाहेर या, म्हणजे चुण्या कडेला जातात. गुंडाळी करून दोरीने बांधा. शेतात उलगडली की प्रत्येकीला एक कड द्यायची आणि सगळ्यांनी कडेकडून आत शिवत जायचं. दोऱ्याचा तुकडा हातभरच घ्या, लांब दोरा अडकतो आणि गाठी पडतात. जाऊबाईचा टाका मोठा आणि तुमचा बारीक पडला तर पडू द्या. दोन्ही टाके पक्के असले की बस. मधल्या थरात जुनी चादर घालायचा मोह होतो, पण ती दुहेरी विणीची आणि जाड असते, हाताची सुई जात नाही. मऊ सुती साड्या, धोतरं, लुंग्या उत्तम. आपल्याकडे शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत, तिथे उरलेले कापडाचे तुकडे मिळतात, पण त्यात टेरिकॉट असतं. ते वरच्या नक्षीला वापरा, आत नको, घाम शोषत नाही.

*बघण्यासारख्या जागा.* हत्तरसंग कुडल, नान्नज, नळदुर्ग. इथे काम घेऊन जायचं नाही, तिथून नमुने आणायचे.

कुडलला भीमा आणि सीना एकत्र येतात. संगमेश्वराच्या देवळाच्या खांबांवर, चौकटीवर जी नक्षी आहे ती वहीवर उतरवून घ्या. मुलांना प्रत्येकी एक खांब वाटून द्या. शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख याच ठिकाणी आहे, तो मुलांना जरूर दाखवा. बहुमुखी शिवलिंगावरची लहान लहान मुखं मोजण्यात मुलांचा तास सहज जातो. घरी आल्यावर वहीतली एक वेल निवडा, चौकटीच्या कागदावर घ्या, आणि दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने ती बसते. टेबलक्लॉथची कोरी राहिलेली किनार अशा वेलीने भरली तर मुलं ती पाहुण्यांना बोट दाखवून दाखवतात.

नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रस्त्याला, वीसेक किलोमीटरवर. माळढोक आता फार क्वचित दिसतो, काळविटांचे कळप मात्र दिसतात. सकाळी लवकर जा, भडक कपडे नकोत, बोलणं हळू. पिशवी घरी ठेवा, दुर्बीण घ्या. गवताचे रंग मुलांना विचारा. पिवळा, तांबूस, राखी, धुरकट हिरवा. हेच रंग पुढे गोधडीच्या ठिगळांना जुळवायला कामी येतात.

नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की गर्दी होते. पाणी महाल, बुरूज, निसरड्या पायऱ्या. दोन्ही हात मुलांसाठी मोकळे हवेत.

*गड्डा.* संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावरचे पाळणे, गर्दी. काम नको. पण गड्ड्याच्या आधीचं एक काम असतं. घरातलं कुणी नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असेल तर पांढरी बाराबंदी लागते. तिचे बंद तुटलेले, उसवलेले असतात. हे काम नोव्हेंबरातच काढून संपवा. भोगीच्या आदल्या रात्री बंद शिवत बसलं की बाजरीच्या भाकऱ्याही राहतात आणि तिळगूळही.

पायरी 6: बाहेर पडण्याआधी घरच्यांशी बोला

आईची सहल बहुतेक वेळा स्वयंपाकघर उचलून दुसरीकडे नेण्याची असते. पहाटे चारला उठून पुऱ्या, भाजी, मसालेभात केला तर बाकावर बसल्यावर तिचे डोळे मिटतात, टाके कसले घालणार. म्हणून डबा हलका करा. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, दही, लोणचं. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, चटणी कोरडी असते, सांडायची भीती नाही. दह्याबरोबर धपाटे हवेच असतील तर पीठ रात्री मळून ठेवा. आपल्या गावाने सहलीचा डबा आयता देऊन ठेवलाय, त्याचा उपयोग करून घ्यावा.

आणि आदल्या रात्री स्पष्ट सांगा, "अहो, उद्या बागेत गेल्यावर पहिला तास मुलं तुमच्याकडे." नंतरचा तास तुमच्याकडे घ्या. आडून सांगितलेलं कुणाला कळत नाही आणि मग दोघंही चिडतात. मुलांनाही सांगून ठेवा की आईची ओळ पुरी झाल्यावर ती झोक्याला धक्का द्यायला येईल. चार मिनिटं कशी थांबायची ते मुलं यातूनच शिकतात. ओळ झाली की मात्र खरंच उठा.

पायरी 7: मुलांच्या हातालाही काही द्या

आईच्या हातात दोरा दिसला की मुलांना तोच हवा असतो. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला बोथट सुई आणि दोसुतीचा वीतभर तुकडा द्या, धावदोरा घालू दे. त्याहून लहानाला उरलेल्या लोकरीचे गोंडे करायला द्या: पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, मध्ये बांधायची, कडेने तुम्ही कापायचं. बारीक मणी तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाजवळ नकोत, तोंडात आणि नाकात जातात. मुलांच्या कामालाही चिठ्ठी बांधा आणि पुढचं काय ते त्यांनाच लिहायला लावा.

पायरी 8: घरी आल्यावर झोपण्यापूर्वी

पिशवी तशीच कोपऱ्यात टाकू नका. दमलेलं असलं तरी तीन गोष्टी करा: सुया मोजा, चिठ्ठीवरची शेवटची ओळ बदला, आणि कापड झटका. काळ्या मातीची धूळ ओल्या हाताने पुसली तर डाग बसतो, आधी कोरडी झटकायची. भरतकामाची रिंग काढा. पावसाळा असेल तर सुया पुसून कोरड्या डबीत टाका, गंजलेली सुई कापडावर तांबूस ठिपका सोडते.

पायरी 9: शेवटची शिलाई वेगळी धरा

बरीच कामं नव्वद टक्क्यांवर अडतात. विणून झालेलं असतं, जोडायचं राहतं. म्हणून घरी महिन्यातली एक संध्याकाळ फक्त शेवटच्या कामांना द्या: बाह्या जोडणं, सुटे धागे आत ओवणं, बटणं, काजं, हेमिंग. सगळ्या वस्तूंची ही कामं एकदम घेतली की एकाच बैठकीत दोन-तीन वस्तू पूर्ण होतात. टाके बंद करताना रुंदीच्या चौपट धागा शिल्लक आहे ना ते आधी बघा, शेवटच्या दहा टाक्यांना धागा संपला तर सगळी ओळ परत काढावी लागते.

पूर्ण झालेला स्वेटर कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका. सोलापुरी टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि वरून दाबा. पाणी टॉवेल ओढून घेतो. मग सावलीत बाजेवर सपाट पसरून हाताने आकार द्या. टांगला तर लांब होतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण चपटी होते आणि परत उठत नाही. भरतकामाला इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन, म्हणजे टाके दबत नाहीत. लाल-काळ्या धाग्याचं काम पहिल्यांदा धुण्याआधी ओला पांढरा कपडा त्यावर दाबून बघा. रंग उतरला तर ते काम एकटंच, गार पाण्यात धुवा.

पायरी 10: नवं कधी सुरू करायचं

नवी पेठेत किंवा मधला मारुतीकडे गेलं की नव्या रंगाची लोकर खुणावते, आणि घ्यावीशी वाटणं अगदी साहजिक आहे. एकच पथ्य पाळा. हातात एका वेळी तीन कामं: एक क्रोशाचं बाकावरचं, एक विणकाम प्रवासातलं, एक गोधडीचं चौघींचं. यातलं एक पूर्ण झालं की त्याच प्रकारातलं दुसरं घ्या. खरेदीला जाताना चिठ्ठी किंवा धाग्याचा तुकडा सोबत न्या, आठवणीतल्या रंगावर विसंबू नका. दुकानातल्या दिव्यात रंग वेगळा दिसतो, तेव्हा गुंडा दाराशी आणून उन्हात बघा आणि सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत का ते तिथेच तपासा. घरी आल्यावर पहिला टाका घालण्याआधी नव्या कामाची चिठ्ठी लिहून बांधा.